नव्या गाडीतलं तंत्रज्ञान: चालकाच्या हाताशी की चालकाच्या डोक्यावर?

चाकोरी (धागाकर्ता)

नवी गाडी घेऊन महिना झाला. आधीची चौदा वर्षं वापरली होती, त्यामुळे शोरूममधून बाहेर पडताना मी गाडी चालवत होतो की गाडी मला, हेच कळत नव्हतं. पहिले आठ दिवस कौतुकात गेले. त्यानंतरचं सांगतो.

परवा रात्री मुसळधार पावसात घरी येत होतो. गाडीत आम्ही चौघं, सगळे भिजलेले, त्यामुळे समोरची काच आतून धुरकटायला लागली. जुन्या गाडीत अशा वेळी हात आपोआप एका गोल खटक्यावर जायचा. उजवीकडे दोन खाचा फिरवला की खट् खट्, काच साफ. डोळे रस्त्यावरच. नव्या गाडीत तो खटका नाही. पडद्यावर आधी नकाशा होता. तो बाजूला सारून पंख्याचं चित्र दाबायचं, मग हवेचं पान उघडणार, आणि त्या पानावर काचेचं चित्र शोधायचं. पान उघडतंय तोच वर एक चौकट आली: नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, आत्ता घेऊ की नंतर? मी 'नंतर' कुठे आहे ते शोधत होतो तेवढ्यात स्टिअरिंगला हिसका बसला आणि पी-पी सुरू झालं. गाडी लेनच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली होती.

म्हणजे एका यंत्रणेनं माझे डोळे रस्त्यावरून काढले आणि त्याबद्दल दुसरीनं मला दटावलं. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच गाडीतल्या!

आता दुसरी बाजू. त्याच आठवड्यात गाडी मागे घेताना तिनं स्वतःहून ब्रेक मारला. इतका कचकन की मी वैतागून शिवी घातली. उतरून पाहिलं तर मागून शेजाऱ्यांचा मुलगा तीनचाकी सायकलवर निघाला होता. आरशात तो दिसणं शक्यच नव्हतं, त्याचं डोकं मागच्या काचेच्या खाली होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा 'तंत्रज्ञान: शाप की वरदान' हा शाळेतला निबंध मला नकोय. एवढंच सांगा: तुमच्या गाडीतली कोणती सोय तुम्ही बंद करून ठेवली आहे, आणि कोणती कुणी काढून घेतली तर भांडाल?

अर्धाक्लच

पहिला मी! बंद केलेल्या: लेनचा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग ओढणारी ती बया, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय. 'बंद केलेल्या' म्हणजे रोज बंद करतो. किल्ली फिरवली (फिरवली कसली, बटण दाबलं) की दोन्ही पुन्हा जिवंत. निघण्यापूर्वीचा माझा विधी: सीटबेल्ट लाव, आरसे बघ, दोन भुतं उतरव.

भांडेन ती एकच, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा). बाकी सगळं नेलं तरी चालेल. गाडी चालवायला हात, पाय, डोळे आणि थोडी भीती लागते. ती भीती नव्या गाड्यांनी काढून टाकली आहे, तिथेच गडबड आहे.

शून्यतेशंभर

अर्धाक्लच भाऊ, 'आमच्या वेळी' सुरू झालं का? :)

धागाकर्त्यांना एक विचारतो, राग मानू नका. गाडी घेतल्यावर माहितीपुस्तिका वाचली का? बहुतेक गाड्यांत काचेची वाफ घालवायला आवाजी आज्ञा असते किंवा पडद्यावर कायमची एक खूण ठेवता येते. चौदा वर्षांची सवय एका महिन्यात जाणार नाही हे मान्य, पण तो पडद्याचा दोष कसा? स्पर्शपडद्याचा मोबाइल आला तेव्हाही लोक म्हणाले होते की बटणांशिवाय टाइप कसं करणार.

चाकोरी

@शून्यतेशंभर, पुस्तिका वाचली नाही, कबूल. (चारशेच्या वर पानं आहेत हो.) आवाजी आज्ञा मात्र करून पाहिली. पाऊस टपावर ताशे बडवत होता, मागे दोन मुलं भांडत होती आणि मी "काच साफ कर" म्हणून ओरडत होतो. गाडीनं वायपर लावले. ते आधीच चालू होते.

मोबाइलची तुलना मात्र पटली नाही. मोबाइल चालवताना मी ताशी ८० च्या वेगानं पुढे जात नसतो.

दोनसेकंद

या विषयावर मोजमाप झालेलं आहे. स्वीडनमधल्या 'वी बिलॅगारे' या मोटार-नियतकालिकानं २०२२ मध्ये १२ गाड्या एका रिकाम्या धावपट्टीवर आणल्या. ताशी ११० किमी वेगानं जाताना चालकानं काही साधी कामं करायची: रेडिओचं स्टेशन लावणं, हवेचं तापमान बदलणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं, अंतरमापक शून्यावर आणणं. ११ गाड्या नव्या, पडद्याच्या. बारावी मुद्दाम आणलेली २००५ ची वोल्वो व्ही७०, पूर्ण बटणांची.

जुन्या वोल्वोत सगळी कामं १० सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीला लागले जवळपास ४५ सेकंद, म्हणजे सुमारे १३७० मीटर. आणि चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता, तेव्हा 'सवय नव्हती' हे कारण तिथे पुरत नाही.

पण शून्यतेशंभर यांची एक बाजू घ्यायलाच हवी. त्याच चाचणीत पडदा असलेल्या एक-दोन गाड्यांनी साधारण १४ सेकंदांत काम केलं. म्हणजे पडदा आहे एवढ्यानं बिघडत नाही. कोणती गोष्ट कितव्या पानावर लपवली, यानं बिघडतं.

माझ्या सदस्यनामाचं गुपितही सांगून टाकतो. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्यानं २०१३ मध्ये गाडी-कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की गाडीतल्या कुठल्याही उपकरणासाठी एका वेळी २ सेकंदांहून जास्त नजर रस्त्यावरून हलता कामा नये आणि अख्खं काम १२ सेकंदांच्या नजरेत व्हावं. ताशी १०० च्या वेगानं २ सेकंदांत ५५ मीटर होतात. ५५ मीटर आंधळे! सूचना ऐच्छिक आहेत, हे वेगळं सांगायला नकोच.

सायलेन्सर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ग्रीसवाला

तीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घातले आहेत, म्हणून दोन शब्द. जरा लांबेल.

अर्धाक्लच म्हणतात एबीएससाठी भांडेन. बरोबर आहे. पण एबीएस नवीन होतं तेव्हा हेच लोक (म्हणजे आम्हीच) त्याच्या नावानं बोटं मोडत होतो. आजच्यासारखं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलं, बॉशनं बनवलेलं. सगळ्यांच्या गाड्यांत यायला पुढे कित्येक वर्षं गेली. माझ्याकडे एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं होतं: "जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरतं, कर्र आवाज येतो, काहीतरी तुटलंय." काहीही तुटलं नव्हतं. चाक अडकून घसरायला लागलं की ती यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडते आणि पकडते. त्याचीच ती थरथर. पण घाबरून त्या माणसानं ऐन वेळी पाय उचलला होता आणि पुढच्या गाडीला ठोकलं होतं. यंत्र ठीक होतं, फक्त ते असं बोलतं हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आणखी एक. एबीएसमुळे गाडी नेहमीच लवकर थांबते हा गैरसमज आहे. खडीवर, भुसभुशीत मातीवर उलट थोडी उशिरा थांबते. कारण अडकलेलं चाक समोर मातीचा ढिगारा करतं आणि त्यावर अडतं, फिरणारं चाक तो करू देत नाही. एबीएसचा खरा उपयोग असा की ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं. अडकलेल्या चाकाला कितीही वळवा, ते सरळच घसरणार.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे गाडी फिरकू न देणारी यंत्रणा, ईएससी. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलं ते एक सेन्सर सांगतो, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते दुसरा. दोघांचं जमेना की एखाद्याच चाकाला हलका ब्रेक लागतो आणि गाडी रांगेत येते. १९९५ ला आली. १९९७ मध्ये स्वीडनच्या पत्रकारांनी मर्सिडीजची छोटी ए-क्लास घेऊन 'समोर अचानक सांबर आलं' अशी वळणाची चाचणी केली आणि गाडी उलटली. (तिथलं एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ.) नाचक्की झाली. मग कंपनीनं ती यंत्रणा सगळ्या ए-क्लासमध्ये सक्तीनं बसवली. त्या उलटलेल्या गाडीमुळे ही सोय लहान गाड्यांत लवकर उतरली असं माझं मत.

ही यंत्रणा तुम्हाला कधी दिसते का? वर्षातून एकदा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, बस्स. ती काही विचारत नाही, पान उघडत नाही. चांगल्या हेल्परसारखी आहे, पाना मागायच्या आधी हातात.

जाता जाता धागाकर्त्यांना: काच आतून धुरकटली की एसी लावा आणि बाहेरची हवा आत घ्या. आतलीच हवा फिरवत राहिलात तर चार ओल्या माणसांची वाफ तुम्हीच काचेवर लावताय.

अर्धाक्लच

ग्रीसवाले काका, दंडवत. पण तुमच्या एबीएसवरूनच आठवलं. जर्मनीत म्युनिकच्या टॅक्स्यांवर ऐंशीच्या दशकात अभ्यास झाला होता. काही टॅक्स्यांना एबीएस, काहींना नाही. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झालेच नाहीत. कारण? ब्रेक चांगला आहे म्हटल्यावर ते चालक जास्त अंगावर घालून चालवायला लागले. मी म्हणतो ती भीती हीच.

ग्रीसवाला

खरं आहे. पण म्हणून ब्रेक वाईट करायचे का?

मानदुखी

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

माझं वय ६८. मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, मान डावी-उजवीकडे जेमतेम अर्धी वळते. डॉक्टरांनी गाडी बंद करा असं सांगितलं नाही, पण मी स्वतःच बंद केली होती. मागे वळून बघता येत नाही, मग कुणाच्या भरवशावर गाडी मागे घेऊ? दोन वर्षं मुलगा किंवा सून नेतील तेव्हाच बाहेर. ते कधी नाही म्हणाले नाहीत, पण विचारावं लागतं.

मागचा कॅमेरा आणि आरशाजवळ पिवळा दिवा लागणारी गाडी घेतली तेव्हापासून पुन्हा चालवते आहे. मागून बाजूला कुणी आलं की आरशाच्या कोपऱ्यात दिवा लागतो, मी थांबते. सुरुवातीला पडद्यावरच्या त्या पिवळ्या-लाल रेघा पाहून गोंधळले. नातवानं मोकळ्या मैदानात दोन प्लास्टिकच्या बादल्या ठेवून सराव करून घेतला. एक बादली गेली.

'खरा चालक', 'भीती हवी', 'हात-पाय-डोळे' ही सगळी चर्चा मान वळणाऱ्यांची आहे, एवढंच म्हणायचं होतं. माझं काही काढून घ्यायला आलात तर मीही भांडेन.

अर्धाक्लच

मानदुखीताई, चूक मान्य. मान खाली (माझी वळते, त्याचा उपयोग).

तिसरीलेन

ताईंचा प्रतिसाद आवडला. मला मात्र वेगळ्याच गोष्टीची धास्ती वाटते: अर्धंमुर्धं स्वतः चालवणारी गाडी.

पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग कमी-जास्त करणारा क्रूझ कंट्रोल आणि गाडी पट्ट्यांच्या मधोमध ठेवणारी सोय, दोन्ही लावून महामार्गावर चाललो होतो. ताशी १०० लावलेले, पण पुढे एक संथ गाडी होती, म्हणून माझी गाडी ७० वर. वीस मिनिटं अशी गेली. माझे हात स्टिअरिंगवर 'ठेवलेले' होते, धरलेले नव्हते. हा फरक ज्यानं अनुभवलाय त्यालाच कळेल. मग बाहेर पडायच्या रस्त्याला लागलो. पुढची संथ गाडी सरळ निघून गेली. माझ्या गाडीनं पाहिलं की रस्ता मोकळा झाला, आणि ती जोमानं १०० कडे निघाली. समोर गोल वळण. माझा पाय कुठे होता? सीटखाली घेतलेला, आरामात. ब्रेकपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही, पण वळणावर टायर किंचाळले एवढं आठवतं.

गाडी चुकली नाही. तिला १०० सांगितलं होतं, ती १०० ला निघाली. चुकलो मीच, पण वीस मिनिटं काही करायचंच नसलेला माणूस एकविसाव्या मिनिटाला तयार असेल अशी अपेक्षा कुणी ठेवली?

दोनसेकंद

@तिसरीलेन, तुम्ही म्हणताय त्याला चाळीस वर्षांपूर्वीचं उत्तर आहे. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कारखाने आणि विमानांच्या संदर्भात स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते अवघड काम, तेही क्वचित, अचानक, आणि सराव मोडलेला असताना. वर त्याला राखणीला बसवलेलं. तासन्‌तास काहीच घडत नसताना टक लावून बघत राहणं हे माणसाला सगळ्यात कमी जमतं.

अवांतर: साध्या, म्हणजे ठरवलेला वेग नुसता राखणाऱ्या, क्रूझ कंट्रोलचा जनक राल्फ टीटर हा अमेरिकी अभियंता आंधळा होता. पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेली. गोष्ट अशी सांगतात की त्याचा वकील बोलता बोलता गाडी हळू करायचा, ऐकताना वेग वाढवायचा, आणि शेजारी बसलेल्या टीटरला त्या हिसक्यांचा उबग आला. १९५८ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये ते यंत्र आलं. म्हणजे चालकाला मदत करणारी ही सोय खरं तर मागे-पुढे हेलपाटणाऱ्या प्रवाशाच्या वैतागातून निघाली!

मागचीसीट

प्रवाशांच्या वतीनं टीटर साहेबांना मानवंदना. आमच्या 'ह्यां'च्या गाडीत तो अंतर राखणारा क्रूझ आल्यापासून माझं उलटीचं औषध सुटलं आहे. तुम्ही सगळे चालकाचा विचार करताय, शेजारच्या सीटवर कोणीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असतं!

रडारमामा

पोटापाण्यासाठी याच सेन्सरांवर काम करतो. कंपनीचं नाव विचारू नका. दोन तक्रारी नेहमी येतात: "काही नसताना ब्रेक मारला" आणि "समोर होतं तरी मारला नाही." लोकांना वाटतं या दोन वेगळ्या खोड्या आहेत. त्या एकाच तराजूची दोन पारडी आहेत.

गाडीच्या नाकावर बहुधा ७७ गिगाहर्ट्‌झचं रडार असतं आणि काचेमागे, आरशाजवळ कॅमेरा. रडारला समोरच्या वस्तूचं अंतर आणि आपल्या तुलनेतला वेग फार छान कळतो, पण ती वस्तू काय आहे हे कळत नाही. तुम्ही १०० नं जाताय. रस्त्यावरची दिशादर्शक पाटी, कडेचा लोखंडी कठडा, वरचा पूल, पडलेला पत्र्याचा डबा, बंद पडलेला ट्रक: रडारच्या दृष्टीनं हे सगळे १०० च्या वेगानं तुमच्याकडे येणारे प्रतिध्वनी. प्रत्येकाला घाबरून ब्रेक मारला तर गाडी फर्लांगभरही जाणार नाही. म्हणून जुन्या यंत्रणांत मोठ्या वेगाला स्थिर वस्तूंकडे सरळ दुर्लक्ष करायला शिकवलं होतं. नव्यांमध्ये कॅमेऱ्याची साक्ष काढतात: रडार म्हणतं काहीतरी आहे, कॅमेरा म्हणतो हो, ती गाडी आहे, मग ब्रेक. कॅमेऱ्याला समोरचा मावळता सूर्य, चिखल, धुकं आडवं आलं की साक्षीदार फितूर.

तेव्हा गाडीला जास्त भित्री केली तर ती पुलाखाली कचकन थांबते आणि मागचा तुम्हाला ठोकतो. जास्त धीट केली तर बंद ट्रक दिसत नाही. सगळी नोकरी या मधल्या रेषेवर चालते.

सगळ्यात फसवा प्रसंग कोणता सांगू? पुढची गाडी अगदी शेवटच्या क्षणी लेन बदलते आणि तिच्या आड लपलेलं, थांबलेलं वाहन समोर येतं. माणूस पुढच्या गाडीच्या काचेतून, तिच्या खालून, कडेनं आधीच काहीतरी पाहतो. "हा उगाच का वळतोय?" असा संशय तुम्हाला येतो. गाडीला संशय येत नाही.

आणि तरीही आकडे पाहा. आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांचे मागून धडकण्याचे अपघात निम्म्यावर आले, असं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेनं काढलं आहे. पादचाऱ्यांना ओळखणाऱ्या यंत्रणेनं पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच अभ्यासात एक कडू ओळ आहे: रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक दिसला नाही. अर्धस्वयंचलित सोयींबद्दलही, तिसरीलेन म्हणतात त्या, त्याच संस्थेला २०२४ पर्यंत अपघात कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नव्हता. आणीबाणीत मधे पडणारं यंत्र उपयोगी ठरतंय, रोजचं काम हलकं करणारं यंत्र अजून सोयीचंच आहे. याला कुणी सुरक्षा म्हणून विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ग्रीसवाला

मामा, तो काचेमागचा कॅमेरा! काच फुटली म्हणून कुठूनही बदलून आणतात, कॅमेरा पुन्हा जुळवून घेत नाहीत. मग गाडी पट्ट्यांच्या मधोमध न जाता एका बाजूला चिकटून जाते आणि लोक चाकांची अलाइनमेंट करायला येतात. चष्मा वाकडा झालाय, बूट दुरुस्त करून काय होणार.

शून्यतेशंभर

रडारमामांचा प्रतिसाद म्हणजे सोनं. मी जरा नरमलो आहे. पण एक खरं सांगा, घंटा-बीप यांचं काय करायचं? युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि ती दर वेळी गाडी चालू केली की आपोआप चालूच असते. माझ्या गाडीतली अशीच यंत्रणा शेजारच्या सर्व्हिस रोडची ४० ची पाटी वाचते आणि महामार्गावर मला झापते. एकदा तर ट्रकच्या पाठीवर चिकटवलेला ८० चा गोल वाचला. महिनाभरात माझा मेंदू त्या बीपला बहिरा झालाय. आता ती खरं बोलली तरी ऐकणार नाही.

नवशिकी

यावरून माझी फजिती सांगते. घरच्या गाडीत मागे जाताना बीप वाजतं, जवळ गेलं की सलग वाजतं. त्यावरच गाडी लावायला शिकले. परीक्षेआधी प्रशिक्षण केंद्राच्या जुन्या गाडीवर सराव होता. मागे घेतली, घेतली, घेतली... सर ओरडतायत आणि मी शांत, कारण बीप वाजलं नव्हतं. धाड. तिथे सेन्सरच नव्हते. मी आरशात बघतच नव्हते, मी ऐकत होते.

आता घरच्या गाडीत महिनाभर बीप बंद ठेवून शिकतेय. परीक्षा झाली की चालू करेन.

अर्धाक्लच

शाब्बास. तुझ्या सरांनी सांगायचं काम तू स्वतःच करते आहेस.

किल्ली

थोडं अवांतर, पण जीवाशी संबंधित. दिवसा लागणारे पुढचे बारीक दिवे आणि कायम उजळलेला डिजिटल डॅशबोर्ड या जोडीमुळे संध्याकाळी लोक हेडलाइट लावायचंच विसरतात. पूर्वी डॅशबोर्ड काळोखा झाला की आठवण व्हायची. आता समोर उजेड दिसतो, आत उजेड दिसतो, आणि कित्येक गाड्यांचे मागचे दिवे मात्र बंद. पावसात अशी गाडी मागून दिसतच नाही. 'ऑटो' वर ठेवा, आणि पाऊस-धुक्यात स्वतः लावा, कारण तो सेन्सर अंधार मोजतो, धुकं नाही.

टायरच्या हवेच्या दिव्याबद्दलही. काही गाड्यांत हवा थेट मोजतच नाहीत. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त वेगानं फिरतं, त्यावरून अंदाज बांधतात. चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर हा अंदाज चुकतो. दिवा लागला नाही म्हणून सहा महिने हवा न बघणारे महाभाग आमच्या घरातच आहेत.

सायलेन्सर

आणि गाडी कुठे गेली, किती जोरात ब्रेक मारला ही सगळी माहिती कंपनीकडे जाते, त्यावर कुणीच बोललं नाही? मोझिलानं २०२३ मध्ये २५ गाडी-कंपन्यांची धोरणं तपासली, खासगीपणाच्या कसोटीवर एकही उत्तीर्ण झाली नाही.

चाकोरी

@सायलेन्सर, त्याला वेगळा धागा काढा, इथे काढलात तर हा धागा सर्व्हिस रोडला लागेल.

दोनसेकंद

मूळ प्रश्नावर परत येऊन एक बातमी. बटणं परत येतायत. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या २०२६ पासूनच्या कसोट्यांत पूर्ण गुण हवे असतील तर वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा कॉल यांना स्वतंत्र खरी बटणं लागतात. काचेची वाफ या यादीत नाही, धागाकर्ते, वाईट वाटून घेऊ नका.

गंमत म्हणजे हे चक्र एकदा फिरून गेलंय. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरात स्पर्शपडदा होता, हिरव्या अक्षरांचा, जुन्या टीव्हीसारख्या नळीचा. रेडिओ, हवा सगळं त्यात. ग्राहक कुरकुरले आणि काही वर्षांत कंपनीनं तो काढून टाकला. पुढच्या पिढीला ते आठवत नव्हतं.

शून्यतेशंभर

म्हणजे बटणवाले जिंकले? बरं. पण नकाशा मात्र पडद्यावरच हवा हं, कागदी घडी उलगडत गाडी चालवणारे बाबा मी पाहिले आहेत.

चाकोरी

सगळ्यांचे आभार. रविवारी गाडी दारात उभी करून पुस्तिका घेऊन पाऊण तास बसलो. शून्यतेशंभर बरोबर होते, काचेची खूण पडद्याच्या खालच्या पट्टीत कायमची ठेवता येते. ठेवली. सॉफ्टवेअरची चौकट गाडी चालू असताना येऊ नये अशी सोय मात्र सापडली नाही. पट्ट्याच्या इशाऱ्याचा आवाज बंद करून नुसती स्टिअरिंगची थरथर ठेवली, ती बरी वाटते. मागचा आपोआप ब्रेक आहे तस्साच. त्याला हात लावणार नाही, आणि शिवीही घालणार नाही.

आज पुन्हा पाऊस. निघालो, काच धुरकटली. खूण खाली आहे हे ठाऊक होतं. तरी हात आपोआप जुन्या खटक्याच्या जागीच गेला. तिथे आता मोबाइल ठेवायचा कप्पा आहे.

ग्रीसवाला

त्या कप्प्यात एक कोरडं फडकं ठेवा.